सव्वा तासाचं अंतर

सकाळी अकरा वाजता निरंजन माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "बुद्धभूषण, तू आत्ताच नीघ. नागपूरचं फ्लाइट चार वीसचं आहे, पण ह्या रस्त्याचा काही भरवसा नाही राव. हातात वेळ असू दे." आणि माझं टाळकं सरकलं. वरून काही दिसलं नसणार. मी मान हलवली, पिशवीची चेन लावली आणि खाली येऊन गाडीत बसलो. निरंजन आमचा प्लँट मॅनेजर. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, बोलायला गोड, सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवणारा. त्याचं वाक्य अगदी बरोबर होतं, काळजीचं होतं, आणि त्या काळजीसाठीच मला त्याची कॉलर धरावीशी वाटली. ती माझ्यासाठी नव्हती. माझ्या मांडीवरच्या काळ्या पिशवीत साडेचारशे रबरी रिंगा होत्या, त्यांच्यासाठी होती. दोन वर्षांपूर्वी ह्याच टेबलाशी, ह्याच माणसासमोर मी उभा होतो आणि ह्याच नागपूरला जायचं होतं. तेव्हा चाकणच्या रस्त्याची आठवण कुणालाच झाली नव्हती.

आमची कंपनी चाकणजवळ कुरुळीत आहे. ट्रॅक्टरच्या ॲक्सलमध्ये बसणाऱ्या रिंगा बनवते. तळहातावर मावणारी काळी रिंग, अंगाला पांढरी पावडर लावलेली. ती नसली तर तेल गळतं, आणि तेल गळणारा ॲक्सल कुणी पुढे घेत नाही, मग सगळी लाइन उभी राहते. नागपूरजवळ बुटीबोरीच्या एका कारखान्यात आमच्या मागच्या पेट्यांमधल्या रिंगा कडेला चिरलेल्या निघाल्या. त्यांच्याकडच्या चांगल्या रिंगा आज संध्याकाळी आठला संपणार होत्या. अशा वेळी टेम्पो कामाचा नसतो. माणूस पाठवतात, विमानाने, पिशवी हातात देऊन. आमच्याकडे ह्याला हँडकॅरी म्हणतात. मी सोळा वर्षं डिस्पॅच सांभाळतोय. कुठली गाडी कुठे किती तासांत पोचते ते मला तोंडपाठ आहे. होसूरला किती, रुद्रपूरला किती, झोपेतून उठवून विचारा. आणि डिस्पॅचमध्ये माणूस सगळ्यात आधी शिकतो ते हे, की गिऱ्हाइकाचा फोन आला की गाडी निघालेली असते. पेटीला टेप लागायची असते, ड्रायव्हर जेवत असतो, तरी गाडी निघालेली असते. "निघाली साहेब, आळंदी फाट्याला आहे." पलीकडच्यालाही हे माहीत असतं, कारण तोही त्याच्या गिऱ्हाइकाला हेच सांगत असतो. ह्याला आमच्याकडे कुणी खोटं म्हणत नाही.

गाडी भिवा चालवत होता. भिवा कुरुळीचाच, पन्नाशीचा, कंपनीला भाड्याने गाडी देतो. गेटातून बाहेर पडून हमरस्त्याला लागलो आणि दहाव्या मिनिटाला उभे राहिलो. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, डावीकडे कामगारांची बस, मधल्या फटींतून दुचाक्या. एका दुचाकीवर तिघं जण पावांची जाळी डोक्यावर धरून चालले होते. "फुडं कायतरी आडवं झालंय सायेब," भिवा म्हणाला. "बसा निवांत. तुमाला कुटं घाई हाय, चार वाजताचं हाय ना?" खरंच घाई नव्हती, आणि तीच आग होती. काच बंद, एसी चालू, मांडीवर पिशवी आणि पाच तास हाताशी. इतका वेळ मला आयुष्यात कुणी दिला नव्हता. पिशवीतून रबराचा वास येत होता, जळक्या टायरसारखा, सोळा वर्षं माझ्या शर्टांना येतो तो. माझी बायको आम्रपाली म्हणते, तुमचे कपडे वेगळे धुवावे लागतात. मी पिशवी पायाशी ठेवली. मग पुन्हा वर घेतली, कारण हँडकॅरी खाली ठेवायची नसते. मग त्या नियमाचाही राग आला.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी एकतीस मार्च होता. वर्षाचा शेवटचा दिवस, सगळ्या कंपन्यांना सगळा माल त्याच दिवशी गेटाबाहेर हवा असतो. डॉकवर सात गाड्या लागलेल्या. साडेबाराला विजयश्रीचा फोन आला. विजयश्री माझी धाकटी बहीण, नागपूरला इंदोऱ्यात राहते, आई-बाबा तिच्याजवळच. ती म्हणाली, "दादा, डॉक्टरांनी बाबांना घरी न्यायला सांगितलंय. घरी आणलंय. तुझं नाव घेतायत सारखं. ये." रडत नव्हती. मी वर गेलो, निरंजनला सांगितलं. तो खुर्चीतून उठला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "किती वेळ लागतो रे नागपूरला?" इथे मी दोन वर्षं एक गोष्ट करत आलोय. स्वतःला सांगत आलोय की तो म्हणाला, "फ्लाइटनं जा ना, सव्वा तासाचा तर प्रश्न आहे." आम्रपालीला हेच सांगितलं. तिने त्याला शिव्या घातल्या, मला बरं वाटलं. पण आज त्या कंटेनरच्या मागच्या दारावर नजर लावून बसलो असताना मला स्वच्छ ऐकू आलं की तो आवाज निरंजनचा नव्हता. त्याने फक्त विचारलं होतं. "सव्वा तास" हे मी म्हणालो होतो. पटकन, पोपटासारखं, होसूर आणि रुद्रपूर सांगतो तसं. अंतर सहाशे किलोमीटर हवेतून, सातशेच्या वर रस्त्याने, विमानाला सव्वा तास. आणि मग तो म्हणाला, "मग असं कर, शेवटच्या दोन गाड्या लावून जा. सात दहाचं फ्लाइट बघतो मी." त्याला नाही म्हणता आलं असतं मला. एक पेटी लोहगाव विमानतळावर पाठवायची तर मी चार तास आधी गेटाबाहेर काढतो. फाट्याचा अर्धा तास, पुलाची वीस मिनिटं, भोसरीची वेगळी धरतो. स्वतःसाठी मी ह्यातलं काहीही धरलं नाही. सव्वा तास ऐकला आणि वडील सव्वा तासाच्या अंतरावर आहेत असं समजून परत डॉकवर गेलो.

आता हा राग कुणावर काढायचा ते मला कळेना. निरंजनवर काढत होतो तोवर बरं होतं. "हॉर्न वाजव ना," मी भिवावर खेकसलो. त्याने आरशातून पाहिलं. "वाजवून काय व्हनार हाय सायेब? त्यालाबी जायचंच हाय की." तेही बरोबर होतं. ह्या पट्ट्यात सगळे जण बरोबर बोलतात आणि सगळं जागच्या जागी उभं असतं.

बाबांचं नाव कोंडीराम. नागपूरला रेल्वेच्या मालधक्क्यावर पेट्या मोजायचं काम केलं त्यांनी, एकतीस वर्षं. वेळेचं वेड. मनगटावर चावीचं घड्याळ, रेडिओच्या बातम्यांना रोज लावून घेतलेलं. मी लहान असताना रविवारी सायकलवर पुढे बसवून सोनेगावला न्यायचे, विमानतळाच्या तारेच्या कुंपणापाशी. बाहेरून विमानं बघायला पैसे पडत नाहीत, असं म्हणायचे. विमान उडालं की घड्याळ बघायचे. मग तिथेच गवतावर बसून आम्ही शेंगा खायचो आणि ते मध्येच म्हणायचे, "आता अकोल्यावर असेल." थोड्या वेळाने, "आता औरंगाबाद गेलं." त्यांनी कधी विमानात पाय ठेवला नाही, पण कुठलं विमान कुठे कधी उतरतं ते त्यांना ठाऊक असायचं. सव्वा तास झाला की उठून पँट झटकायचे. "पोचली मंडळी. चल." जणू ती मंडळी त्यांच्याच भरवशावर गेली होती. ती शेंगांची टरफलं, सायकलच्या नळीवर दुखणारी मांडी, त्यांच्या शर्टाला येणारा गोणपाटाचा वास, हे सगळं चिंबळी फाट्याच्या गर्दीत माझ्या नाकाशी आलं आणि मी काच खाली केली. बाहेरून धूर आला.

तेवढ्यात आम्रपालीचा फोन आला. "अहो, कुठे पोचलात?" मी सांगितलं. ती म्हणाली, "आईंना फोन केला होता मी. तुम्ही येताय म्हणून कळवलं." मी विचारलं, "कुणी सांगितलं होतं तुला?" "सांगायला कशाला लागतं? नागपूरला जाताय आणि घरी जाणार नाही?" नव्हतोच जाणार. बुटीबोरीला पिशवी द्यायची, कंपनीच्या गेस्ट हाऊसमध्ये झोपायचं आणि सकाळच्या विमानाने परत. दोन वर्षांत मी नागपूरला गेलो नव्हतो. बाबांच्या पहिल्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला सगळे जमले, माझं ऑडिट होतं. ऑडिट खरंच होतं, पण एका दिवसाचं. आईला इकडे बोलावलं की ती म्हणायची, तूच ये. "तू माझ्या मध्ये पडत जाऊ नको," मी आम्रपालीला म्हणालो. ती शांतपणे म्हणाली, "मी मध्ये पडत नाहीये. आई वांगी आणायला निघाल्यात. गुडघे धरलेत त्यांचे, तरी निघाल्यात. आता तुम्ही बघा." आणि फोन ठेवला. वांग्याची भाजी मला आवडते. एकेचाळीस वर्षांच्या माणसाला ह्या गोष्टीवर रडू यावं ह्याचाही मला संताप आला.

तिला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, असं मी धरून चाललो होतो. एकतीस मार्चला दुपारी तीन वाजता विजयश्रीचा पुन्हा फोन आला तेव्हा मी डॉकवर होतो. पाचवी गाडी लागत होती. ती म्हणाली, "निघालास का दादा?" आणि माझ्या तोंडून, डिस्पॅचच्या सवयीने, गाडी निघाली. "हो, निघालो. विमानतळावर आहे. आता आत बसतोय, फोन बंद होईल." पाठीमागे फोर्कलिफ्ट मागे येत होता, त्याची पिपाणी वाजत होती, म्हणून मी पेट्यांच्या आड जाऊन बोललो. फोन खरंच बंद केला. खोटं बोललो असं तेव्हा वाटलंही नाही. सातच्या विमानात बसणारच होतो, तर तीनला बसलो म्हटलं, एवढंच. मग सहावी गाडी, सातवी गाडी. पावणेपाचला सुटलो आणि ह्याच रस्त्यावर येऊन अडकलो. गाडीत फोन चालू केला तेव्हा तिचे मिस्ड कॉल एकामागून एक येऊन पडले. चौदा. उचलता येईना, कारण मी विमानात होतो. माझ्यासमोर तो वाजायचा आणि मी त्याच्याकडे बघत बसायचो. सहा वाजून दहा मिनिटांनी शेवटचा वाजला. त्यानंतर एकही नाही. विमान चुकलं, खासगी बस धरली, दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. बाबा आदल्या संध्याकाळी साडेसातलाच गेले होते. मी सांगितलं की आत बसवून विमान तासन्‌तास उभं ठेवलं, मग रद्द केलं. सगळ्यांनी विमान कंपनीला शिव्या दिल्या. विजयश्री काही बोलली नाही. आणि मी तिच्यावर डूख धरला. बाप गेल्याचं कळवायलासुद्धा तिने फोन केला नाही, सहा दहानंतर मला टाकून दिलं, हे मी दोन वर्षं दात धरून जपलं. माझ्या खोट्याशेजारी ठेवायला तेवढंच होतं माझ्याकडे.

इंद्रायणीच्या पुलावर होतो तेव्हा निरंजनचा फोन आला. "कुठे आहेस?" "पुलावर." "अरे बापरे. बरं, ऐक. बुटीबोरीची ती दिव्या सारखा फोन करतेय. मी सांगितलंय की तू लवकरच्या फ्लाइटमध्ये बसलास. तिचा फोन आला तर उचलू नको, काय? विमानात आहेस तू." तो हसला. आम्ही सगळेच ह्यावर हसतो. मी म्हणालो, "निरंजन, एक विचारू? एकतीस मार्चला मी तुला सव्वा तास म्हणालो होतो, आठवतं?" "कुठल्या एकतीस मार्चला?" तो म्हणाला. अगदी मनापासून. मी फोन ठेवला.

पूल ओलांडून मोशीत शिरलो आणि पुन्हा थांबलो. माझं घर इथून दिसतं. म्हणजे घर नाही, बिल्डिंगची वरची टाकी दिसते. कुरुळीहून निघाल्याला बरोबर सव्वा तास झाला होता. तेवढ्यात आईचा फोन आला. आईचं नाव स्क्रीनवर 'आई प्रभावती' असं आहे, सायलीने, माझ्या मुलीने, टाकून दिलंय. वाजू दिला. चार वेळा, पाच वेळा. भिवा म्हणाला, "घ्या की सायेब, आईचा दिसतोय." मी घेतला.

"कुठी हायेस बाबू? येऊन राह्यला ना?" आई म्हणाली. "विमानात बसला का?"

तोंडात वाक्य तयार होतं. सवयीचं, गुळगुळीत. विमानतळाजवळ आहे आई. मी समोरच्या कंटेनरच्या दारावरचा धुळीत बोटाने काढलेला बाण बघत होतो. "नाही," मी म्हणालो. "मोशीत आहे. गाडी हलत नाही." मग थांबता येईना. "आई, त्या दिवशीपण मी विमानतळावर नव्हतो. विजूने विचारलं तेव्हा कंपनीत होतो. माल चढवत होतो. पुढेपण विमानात नव्हतो. फोन वाजत होता, मी बघत होतो."

आईच्या मागे भाजीवाल्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, "मले ठाऊक हाये."

"विजूने सांगितलं?"

"विजू काय सांगते. तुह्या बाबांनीच सांगतलं. त्यायनं घड्याळ हातात काढून घेतलं होतं, पोराचं विमान मोजत होते. साडेचार झाले, आलं असन म्हने. पाच झाले, रिक्शात असन म्हने. विजू सारखी फोन लावे. मंग सहाच्या वरते त्यायनं घड्याळ माह्या हातात देल्लं. विमान एवढा वेळ वरतं नाही राहात, म्हने." ती थांबली. तिला दम लागला होता, बाजारातच कुठेतरी टेकली असावी. "विजू पुन्हा लावाले गेली त नाही म्हनलं तिले. त्याले आता फोन नोको करू, म्हने. उचलला त अजून एकदा खोटं बोला लागन पोराले. मी गेल्यावरबी नोको करू. येऊ द्या त्याले त्याच्या वेळानं."

मग म्हणाली, "वांगे घेतले. भरले करू का पातळ?" मी म्हणालो, "भरली कर."

फोन ठेवला आणि मी पिशवीवर एक बुक्की मारली. रबर होतं, काही झालं नाही. आणखी एक मारली. भिवा आरशात बघायचं सोडून सरळ समोर बघू लागला. इतका राग मला कधीच आला नव्हता आणि तो आता कुठेही इकडेतिकडे जायला तयार नव्हता. निरंजनकडे नाही, विजूकडे नाही, रस्त्याकडेही नाही. ज्याच्यासाठी बाबांनी सहा दहाला फोन थांबवायला लावले, त्या माणसावर तो येऊन बसला, आणि तो माणूस काळी पिशवी मांडीवर घेऊन मोशीत बसला होता.

फोन पुन्हा वाजला. नागपूरचा नंबर, नाव दिव्या. मी उचलला.

ती गडबडली. "सर? तुमचा फोन लागला? निरंजन सर तर म्हणाले, तुम्ही फ्लाइटमध्ये आहात."

"नाही. मी मोशीत आहे. फ्लाइट चार वीसचं आहे."

"अच्छा," ती म्हणाली. मनातल्या मनात बेरीज करत असणार. "म्हणजे पावणेसहाला लँडिंग. मग सातपर्यंत तुम्ही आमच्या गेटवर. होऊन जाईल सर, आठच्या आत होऊन जाईल."

"सातला नाही होणार," मी म्हणालो. "मी आधी इंदोऱ्याला आईकडे जाणार आहे. तिथे जेवणार आहे. मग तुमच्याकडे येईन. नऊ धरा. साडेनऊही होतील."

"सर, पण लाइन थांबेल."

भिवाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पुढचा कंटेनर हलला होता, मागून हॉर्न सुरू झाले होते, आणि तो गिअर टाकायचं विसरला होता.

"थांबू द्या," मी म्हणालो.